गावातला डॉक्टर चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

"डॉक्टरसाहेब, आमच्या ढोकीतले अमुक डॉक्टर कसे आहेत हो?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. माझा दवाखाना धाराशिवला आहे आणि ढोकी, तेर, कसबे तडवळे, येडशी या पट्ट्यातले बरेच रुग्ण माझ्याकडे येतात. तपासणी संपते, चिठ्ठी हातात पडते, आणि मग दाराशी थांबून, आवाज खाली घेऊन हा प्रश्न विचारला जातो. मी नाव घेऊन कोणालाच चांगलं किंवा वाईट म्हणत नाही. मी त्यांच्या दवाखान्यात बसलेलो नाही, तुम्ही बसलेले आहात. म्हणजे माहिती तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. फक्त बाकड्यावर बसल्या बसल्या नेमकं काय पाहायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. आज तेवढंच सांगतो.

आपल्याकडे डॉक्टर निवडायच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. "त्यांच्या हाताला गुण आहे." "लई गर्दी असती." "एका इंजेक्शनात ताप उतरतो." यातली पहिलीच घ्या. सर्दी-खोकला, साधा व्हायरल ताप, जुलाब हे आजार बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बरे होतात. पहिल्या दिवशी तुम्ही एका डॉक्टरकडे गेलात, उतार पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे गेलात, चौथ्या दिवशी बरं वाटलं. गुण दुसऱ्याच्या हाताला लागला. खरं तर दोघांनी काहीच केलं नसतं तरी चौथा दिवस उजाडलाच असता. त्यामुळे साध्या आजारात "बरं वाटलं" यावरून डॉक्टरची परीक्षा होत नाही. गर्दीवरूनही होत नाही. ढोकीच्या बाजाराच्या दिवशी सगळ्याच दवाखान्यांत गर्दी असते.

सुरुवात पाटीपासून करा. नावापुढे "डॉ." असणं पुरेसं नाही, पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक काय, हे लिहिलेलं पाहिजे. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, आयुर्वेदाच्या बीएएमएस डॉक्टरांची महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषदेकडे आणि बीएचएमएस डॉक्टरांची होमिओपॅथी परिषदेकडे. वैद्यक परिषदेने 2025 मध्ये डॉक्टरांसाठी क्यूआर कोड आणला आहे. तो दवाखान्यात लावलेला असेल तर मोबाईलने स्कॅन करा, नोंदणी चालू आहे की नाही ते समजतं. यात डॉक्टरचा अपमान होत नाही. माझ्या दवाखान्यात कोणी स्कॅन केलं तर मला बरंच वाटतं.

आता एक नाजूक गोष्ट. खेड्यापाड्यातले बहुतेक डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत आणि ते इंग्रजी औषधं देतात. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरायची मुभा आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम आहे, आणि त्यावरून संघटनांची भांडणं कोर्टापर्यंत गेली आहेत. त्या वादात मी इथे शिरत नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारे, बीपीच्या म्हाताऱ्या माणसांना नावानिशी ओळखणारे, आपली मर्यादा ठाऊक असलेले बीएएमएस डॉक्टर या भागात आहेत, आणि माझे काही रुग्ण त्यांच्यामुळेच जिवंत आहेत. तुम्हाला विचारायचं ते इतकंच, की हे डॉक्टर ज्याचं शिक्षण घेतलंय तेवढ्यावर थांबतात का?

न थांबण्याची किंमत काय असते, हे मुंबईतल्या एका खटल्यात दिसलं. 1992 साली एका होमिओपॅथी डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला आधी व्हायरल ताप समजून आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली. खात्री करून घेणाऱ्या तपासण्या केल्या नाहीत. तब्येत ढासळली, दुसरीकडे हलवलं, पण माणूस गेला. त्याच्या पत्नीने, पूनम वर्मा यांनी, सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. 1996 मध्ये कोर्टाने 3 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा माणूस त्या पद्धतीपुरता भोंदूच, अशा अर्थाचे कडक शब्द कोर्टाने वापरले होते. आणि ज्याच्याकडे कसलीच पदवी नाही, कंपाउंडर म्हणून दहा वर्षं काढली आणि मग स्वतःची पाटी लावली, त्याच्याबद्दल काय बोलायचं? तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, एवढंच.

पदवी खरी निघाली म्हणजे काम झालं, असंही नाही. आत गेल्यावर डॉक्टरने तुम्हाला हात लावला का?

हसू नका. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत संशोधकांनी एक अभ्यास केला होता. साध्या माणसांना रुग्णाचं सोंग शिकवून दवाखान्यांत पाठवलं. एकाला हृदयविकाराची छातीतली कळ, एकाला दमा, आणि एक बाप घरी आव झालेल्या लेकराबद्दल सांगणारा. डॉक्टरने किती प्रश्न विचारले, काय तपासलं, हे त्यांनी बाहेर येऊन नोंदवलं. बरोबर निदान फार थोड्यांनी केलं. न लागणारी औषधं मात्र भरपूर लिहिली गेली. सगळा वेळ मिळून काही मिनिटांचा. छातीत कळ येते म्हणणाऱ्या माणसाला "कळ हातात उतरते का, घाम येतो का" हे दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्या अर्ध्या मिनिटावर जीव अवलंबून असतो.

तेव्हा हे पाहा. चाळिशीपुढच्या माणसाचं बीपी घेतलं का? तापाच्या लेकराचं वजन केलं का? मुलांचं औषध वजनावर ठरतं, वयाच्या अंदाजावर नाही. "आधीपासून कुठली गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, पाळी चुकली आहे का" हे विचारलं का? तुम्ही बोलत असतानाच सिरिंज भरली जात असेल, तर तुम्ही काय बोललात याला तिथे फार किंमत नाही.

सिरिंजचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. माझ्या मते आपल्या भागातल्या दवाखान्याची खरी परीक्षा इंजेक्शन आणि सलाईन यांच्यावरच होते.

आणि यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही. "डॉक्टर, नुसत्या गोळ्या दिल्या? सुई नाही?" असं तोंड वाकडं करून विचारणारे तुम्हीच असता. इंजेक्शन न देणारा डॉक्टर पुढच्या वेळी रिकामा बसतो, हे त्यालाही कळतं. म्हणून सलाईनमध्ये असतं काय, ते एकदा पाहून घ्या. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. तेरणा साखर कारखान्याच्या गावात पाच चमचे साखर शिरेतून घ्यायला तीन-चारशे रुपये मोजायचे, याचं मला नेहमी नवल वाटतं! जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तोंडाने काही टिकत नसेल, बीपी उतरलं असेल, तर सलाईन जीव वाचवते. अशक्तपणासाठी, "ताकद यावी" म्हणून, लग्नाच्या धावपळीनंतर लावायची ती वस्तू नाही. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तर ती दमही लावते.

लगेच उतरणाऱ्या तापाचं गुपितही सांगतो. त्या इंजेक्शनात बहुधा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. ताप उतरतो, अंग हलकं होतं, आजार तिथेच राहतो. डेंग्यूच्या दिवसांत तर डायक्लोफेनॅकने रक्तस्राव वाढू शकतो. तिथे तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी हाच उपचार. गुडघेदुखीसाठी महिनोनमहिने बिननावाच्या पुड्या घेणाऱ्या मावशी माझ्याकडे येतात तेव्हा चेहरा गोल झालेला असतो, शुगर वाढलेली असते, कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. पुडीत काय होतं, ते त्यांना माहीत नसतं. मलाही नसतं, आणि पुढचा उपचार तिथेच अडतो. अशा पुड्या एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, हेही लक्षात ठेवा. चालू असतील तर आधी दाखवा.

म्हणून नियम एकच धरा: नाव लिहिल्याशिवाय औषध घ्यायचं नाही. गोळीचं, इंजेक्शनचं, सलाईनमध्ये टोचलेल्या औषधाचंही. "डॉक्टर, एवढं कागदावर लिहून द्या, घरी दाखवायचंय" असं म्हणायला काही कठीण नाही. चांगला डॉक्टर लिहून देतो. जो चिडतो, त्याच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळलेलंच असतं.

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून फाडली गेली पाहिजे. सिरिंजही. फक्त सुई बदलून तीच सिरिंज पुन्हा वापरणं तितकंच घातक आहे. वापरलेली सुई टोपण न घालता कटरमध्ये किंवा न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे. 2009 मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बी काविळीची साथ पसरली आणि अनेक माणसं दगावली. तपासात बोट वापरलेल्या सुया-सिरिंजकडे गेलं. 2018 मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला बरीच माणसं एचआयव्हीबाधित सापडली, तेव्हा स्वस्तात इंजेक्शन टोचणाऱ्या एका भोंदूवर संशय गेला. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. स्वच्छ दिसणारी सुई स्वच्छ असतेच असं नाही.

एक प्रश्न जरूर विचारा, आजारी नसताना विचारलात तर अधिक बरं: "इंजेक्शनची रिॲक्शन आली तर तुमच्याकडे काय सोय आहे?" उत्तरात ॲड्रेनालिन हा शब्द आला पाहिजे. रिॲक्शनमध्ये बीपी कोसळतं, घसा सुजतो, तेव्हा मांडीत दिलेलं ॲड्रेनालिनच माणसाला मागे आणतं. ते ट्रेमध्ये नसेल तर त्या दवाखान्यात कुणालाच इंजेक्शन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता "पुढे पाठवण्या"विषयी. लोकांना वाटतं, जो लातूरला किंवा सोलापूरला पाठवतो त्याला काही येत नाही. माझ्या हिशोबात हे उलटं आहे.

1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या वाळूत एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या, पाय हलणार नाही असं पाहिलं. मग मुलाला टॅक्सीने पुण्याला नेलं. तिथल्या इस्पितळात उपचार सुरू झाल्यावर त्याचा मृत्यू झाला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढल्याचा ठपका ठेवला गेला आणि जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला 1968 साली सुप्रीम कोर्टात संपला. त्या निकालात डॉक्टरच्या तीन जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत: ही केस आपण घ्यावी का हे ठरवणं, कोणता उपचार द्यायचा ते ठरवणं, आणि तो उपचार नीट देणं. खटला पुण्याच्या शल्यचिकित्सकावर झाला होता, फळ्या बांधणाऱ्या गावच्या डॉक्टरवर नाही. त्या माणसाकडे काहीच साधन नव्हतं, पण पहिल्या जबाबदारीत तो पास झाला होता.

तुमचा डॉक्टर छातीत दुखणाऱ्याला, साप चावलेल्याला, अंगावर सूज आणि बीपी वाढलेल्या गरोदर बाईला किती वेळ ठेवून घेतो, ते पाहा. अशा वेळी 108 ला फोन करून, काय दिलं ते चिठ्ठीवर लिहून लगेच पाठवणारा डॉक्टर सोडू नका. मात्र चिठ्ठी कुठली, तेही बघा. "फक्त याच लॅबमध्ये जा, फक्त याच सोनोग्राफीला जा" असा आग्रह असेल तर मध्ये कट असू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवून कोकणात कित्येक जीव वाचवले, त्यांना पुण्याच्या एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल 1200 रुपयांचा चेक धाडला होता. त्यांनी तो परत केला आणि वर तक्रारही केली. या माणसाने आपलं मोठं काम साध्या आरोग्य केंद्रात केलं. इमारतीच्या काचा, एसी आणि टीव्ही यांच्यावरून काही ठरत नाही ते यासाठीच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट.

काही महिन्यांपूर्वी चौतीस वर्षांची एक ताई आली. दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जातात. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं. एका ठिकाणी सोनोग्राफी करून तिला सांगितलं होतं, "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." उचल घेऊन पैशांची जुळवाजुळव झालेली होती. ऑपरेशन चार दिवसांवर होतं. तिने विचारलं ते असं: "साहेब, काढूनच टाकावी ना? परत परत कामाचा खाडा नको."

तिचा खाडा हा शब्द माझ्या मनातून जात नाही. ऊसतोडीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दिवसांतही फडात वाकायचं, पालावर ना संडास ना पाणी. त्यामुळे पिशवी म्हणजे अडचणच वाटू लागते. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात हे किती दूर गेलं होतं, ते 2019 मध्ये उघड झालं. तीन वर्षांत 4605 गर्भाशयं काढल्याचा आकडा विधिमंडळात सांगितला गेला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82309 बायकांपैकी 13861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. साधारण सहात एक. त्यानंतर बीडमध्ये असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली गेली.

यातल्या काही शस्त्रक्रिया गरजेच्याही असतील. मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, सिद्ध झालेला कॅन्सर, यांत पिशवी काढावी लागते. पण पांढरं जाणं हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, तो गोळ्यांनी बरा होतो, आणि गरज असेल तर नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी सोनोग्राफीत थोडी मोठी दिसतेच, तिला "सूज" म्हणून घाबरवायचं कारण नाही. आणि पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर पस्तिशीतच पाळी गेल्यासारखी होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा येतात. म्हणजे खाडा वाचवायला केलेलं ऑपरेशन पुढे कोयता उचलू देत नाही.

"नाहीतर कॅन्सर होईल" या धमकीला उत्तर मात्र आपल्याच जिल्ह्याने जगाला दिलेलं आहे, आणि ते इथल्याच लोकांना माहीत नाही. 1999 पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 131746 बायका त्यात होत्या. काहींची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, काहींची दुसऱ्या पद्धतीने, काही गावांत नेहमीचीच सेवा राहिली. 2009 मध्ये निकाल छापून आला. नेहमीच्या सेवेच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 64 बायका गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात 34. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यातल्या बहुतेकींना गर्भाशयमुखाचा तेवढा भाग गोठवून किंवा काढून चाललं, सरसकट पिशवी काढावी लागली नाही.

तेव्हा कोणी कॅन्सरची भीती घातली तर विचारा: "गर्भाशयमुखाची तपासणी केली का? तुकडा तपासला का? त्याचा कागद दाखवा. गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टी चालेल का? अंडाशयं ठेवणार का?" या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर डॉक्टरवर विश्वास ठेवा. मिळाली नाहीत तर दुसरं मत घ्या. यात कॅन्सर असला तरी एखादा आठवडा थांबल्याने काही बिघडत नाही. अंगावरून धो धो जात असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी रक्तस्राव थांबवायचा.

त्या ताईची गर्भाशयमुखाची तपासणी केली. कॅन्सरचं काही नव्हतं, संसर्ग होता. दोघांना गोळ्या दिल्या. पिशवी आहे तिथे आहे. उचल मात्र घेतलेली होती, ती फेडायला त्यांना फडावर जावंच लागलं. त्यावर माझ्याकडे गोळी नव्हती.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर आणखी थोडं पाहा. खाटा असलेल्या दवाखान्याला शुश्रूषागृह म्हणून नोंदणी लागते आणि तो दाखला भिंतीवर दिसला पाहिजे. 2021 च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही लावायची असते. तुमच्या उपचारांचे कागद मागितल्यावर 72 तासांत मिळाले पाहिजेत. पावती मागा. शंका असेल तर 104 या क्रमांकावर सरकारी आरोग्य सल्ला फुकट मिळतो.

आणि कागद सांभाळा. ऊसतोडीवर निघताना लुगडी-भांडी बांधता, त्यातच प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, सोनोग्राफी ठेवा. ढोकीत दाखवलं, मग कर्नाटकात दाखवलं, मग परत आल्यावर माझ्याकडे आलात, तर मला आधीच्या दोघांनी काय केलं ते वाचता आलं पाहिजे. कागद नसले तर रिकाम्या पट्ट्या आणा. तेही नसेल तर निदान गोळीचा रंग तरी सांगा, तेवढ्यावरून मी प्रयत्न करतो.